जडेजा आणि खरखर

ट्रॅकच्या खाचेतून धावणाऱ्या खेळण्यातल्या स्लॉट कारच्या इवल्याशा मोटरच्या दोन टोकांमध्ये मसुरीच्या डाळीसारखा चपटा एक कपॅसिटर असतो. गाडीला त्याचा काडीचाही उपयोग नाही. म्हणून शर्यतीचे शौकीन नवी गाडी उघडली की आधी त्याचे पाय छाटतात. म्हणे वेग वाढतो. कसला वाढतोय? डीसी प्रवाह कपॅसिटरमधून जातच नाही, मग तो मोटरच्या वाटणीचं काय खाणार?

तो असतो दुसऱ्यांसाठी. आमच्या घरातले 'दुसरे' म्हणजे माझे बाबा.

2014 च्या उन्हाळ्यात ते सांगलीहून आमच्याकडे, इंग्लंडमध्ये रेडिंगला आले होते. 20 जुलै, रविवार. भारत-इंग्लंड लॉर्ड्स कसोटीचा चौथा दिवस. टीव्ही असूनही बाबांना कॉमेंट्री रेडिओवरच हवी. तेव्हा बीबीसी ती 198 किलोहर्ट्झ लाँग वेव्हवर देत असे. जडेजा अंगावर येईल तो चेंडू झोडपत होता आणि चिरंजीव त्याच खोलीत स्लॉट कारचा स्कॅलेक्स्ट्रिक ट्रॅक मांडून, जुन्या बाजारातून आणलेली मिनी कूपर पळवत होते. गाडी सरळ रेषेत सुसाट सुटली की रेडिओतून खर्रर्र. वळणावर हळू झाली की कॉमेंटेटरचं अर्धं वाक्य. अर्धशतक झाल्यावर जडेजाने बॅट तलवारीसारखी फिरवली, हे आम्हाला रात्री हायलाइट्समध्ये कळलं.

"अरे, ते तुझं यंत्र बंद कर की जरा!" बाबा कडाडले.

"आजोबा, शेवटचा लॅप!"

मी गाडी उलटी केली, स्क्रू काढून वरची बॉडी उचलली. मोटरच्या पत्र्यांवर तारेचे दोन खुंट शिल्लक होते. आधीच्या मालकाने काम तमाम केलं होतं.

अशा मोटरमध्ये ब्रश कम्युटेटरच्या तीन तुकड्यांवर घासत असतात. तुकडा बदलताना वेटोळ्यातला प्रवाह तुटतो आणि वेटोळं ठिणगी टाकतं. 12 व्होल्टवर मिनिटाला 18,000 फेरे घेणारी मोटर धरली, तर फेऱ्याला सहा बदल, म्हणजे सेकंदाला 1,800. ठिणगीतला गोंगाट एकाच ठिकाणी ट्यून झालेला नसतो, तो सगळ्या बँडवर पसरतो. त्यात गाडीला वीज देणाऱ्या ट्रॅकच्या लांबलचक पट्ट्या त्याला आयती एरियल देतात. म्हणून तो उगमापाशीच अडवायचा. त्या वेगवान धक्क्यांना कपॅसिटर जवळचा रस्ता देतो. ते मोटरपाशीच फिरतात, ट्रॅकवर उतरत नाहीत.

फ्रेड फ्रान्सिस यांनी स्कॅलेक्स्ट्रिक 1957 मध्ये बाजारात आणलं, तेव्हा ब्रिटनमधला टीव्ही 405 ओळींचा होता. त्यात सिग्नल जितका जोरदार तितकं चित्र पांढरं, त्यामुळे शेजारच्या मोटरची ठिणगी पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस पाडायची. अशा त्रासाला आळा घालणारा कायदा तिथे 1949 सालीच झाला होता आणि तक्रार आली की पोस्ट खात्याची माणसं उगम हुडकत यायची. आमच्याकडे बाबा होते.

माझ्या खणात '104' छापलेले सिरॅमिक कपॅसिटर पडलेलेच होते. दहावर चार शून्यं, इतके पिकोफॅरड, म्हणजे 0.1 मायक्रोफॅरड. पाय शक्य तितके आखूड ठेवले, कारण लांब पाय स्वतःच त्या धक्क्यांना अडवतात. पत्रे खरवडले, फ्लक्सचा धूर नाकात गेला. इथे सोल्डरिंग आयर्न रेंगाळलं की मागचं प्लॅस्टिक मऊ पडतं आणि ब्रश तिरके होतात. टेकवायचं, कथील वाहिलं की उचलायचं.

पाय छाटणाऱ्या शौकिनांच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत आहे. काही इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर वीज तुकड्यातुकड्यांनी सोडतात. त्यांच्यापुढे हा कपॅसिटर दर तुकड्याला भरावा लागतो आणि कंट्रोलरमधला ट्रान्झिस्टर तापतो. तिथे खुशाल काढा. आमचा कंट्रोलर साधा, रेझिस्टन्सचा.

संध्याकाळी इंग्लंडची दुसरी फलंदाजी चालू असताना मिनी पुन्हा ट्रॅकवर आली. इशांतने बेलचा त्रिफळा उडवला, तो गाडी पळत असतानाही स्वच्छ ऐकू आला. पट्ट्यांच्या सांध्यावरून जाताना मात्र चुटचुट उरलीच. ती पट्ट्यांवरून वीज उचलणाऱ्या गाडीखालच्या तांब्याच्या वेण्यांची, मोटरपाशी बसलेल्या कपॅसिटरने तिचा बंदोबस्त होत नाही.

"सांध्यांना सँडपेपर मारतो," मी म्हणालो.

"राहू दे," बाबा म्हणाले. "वळीव आला की सांगलीला याच्या दसपट होतं."