गट नंबर सांगितला की

शेतकऱ्यांच्या पीककर्जाचा डेटाबेस सांभाळणे हे माझे काम. खातेदाराचे नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, पीक, हप्ते, थकबाकी असे सगळे त्यात असते. नवा प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलामुलींना तो तपासायला खऱ्यासारखा डेटा लागतो, आणि तो प्रॉडक्शनमधून डेव्हलपमेंटकडे आणायची जबाबदारी माझी. हे काम करताना मी प्रत्येक वेळी वडिवळ्याच्या नोंदी आधी पाहतो. मावळात कामशेतच्या आत, कुंडली नदीवरच्या धरणाजवळचे हे छोटे गाव. माझ्या कामातली प्रत्येक अडचण तिथे आधी दिसते.

हाताने रचलेल्या डेटावर भागत नाही, हे या गावाच्या नावावरूनच कळते. कुणी वडिवळे लिहिले आहे, कुणी वाडिवळे, कुणी वडिवले. इंग्रजीत कुणी ‘व्ही’ने सुरुवात केली आहे, कुणी ‘डब्ल्यू’ने. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून ‘वडिवळे’ला अठरा बाइट लागतात. कॉलमची मर्यादा बाइटमध्ये मोजली असेल, तर ‘टेस्ट वन’सारखी इंग्रजी नावे टाकून केलेली चाचणी आनंदाने पास होते आणि खरे नाव मात्र मावत नाही. ‘कुऱ्हाडे’मधला ऱ दोन प्रकारे साठवता येतो, एकसंध किंवा र आणि नुक्ता मिळून. दिसायला दोन्ही सारखेच, पण नुसती तुलना करणाऱ्या क्वेरीच्या लेखी ती दोन वेगळी माणसे. असले नमुने बसल्याजागी कुणाला सुचत नाहीत. ते वर्षानुवर्षांच्या नोंदींतूनच मिळतात.

म्हणून डेटा खराच आणायचा. पण कुठून? चालत्या प्रॉडक्शनवर थेट डंप लावणे मला पटत नाही. ऐन हंगामात कर्जवाटप सुरू असताना तर नाहीच. मी रात्रीचा बॅकअप घेतो आणि तो एका बंदिस्त मशीनवर रिस्टोअर करतो. प्रॉडक्शनला धक्का लागत नाही आणि बॅकअप खरोखर उघडतो याची खात्रीही आपोआप होते. रिस्टोअर करून न पाहिलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही. मग त्यातून काही गावे पूर्ण उचलायची: गावाबरोबर गट, गटाबरोबर खातेदार, खातेदाराबरोबर कर्जे. दर हजारातली एक ओळ उचलली, तर कर्ज इकडे आणि कर्जदार तिकडे अशी गत होते. मास्किंग, म्हणजे खरी ओळख झाकणे, तेही तिथेच, बंदिस्त मशीनवर. त्यानंतर प्रत्येकाला कॉपी-ऑन-राइट पद्धतीचा क्लोन मिळतो. मूळ ब्लॉक सगळ्यांत सामाईक राहतात, जो जेवढे बदलतो तेवढीच जागा खातो.

खरी मेहनत मास्किंगची. नावाला साधा हॅश लावणे म्हणजे दाराला कडी न लावता नुसते लोटून घेणे आहे. मावळातली आडनावे मोजकीच. त्यांची यादी हॅश करून जुळवायला साध्या लॅपटॉपलाही वेळ लागत नाही. म्हणून गुप्त किल्ली घालून नाव बदलायचे, आणि एका नावाला सगळ्या टेबलांत एकच बदली नाव मिळेल असे पाहायचे.

पण नाव बदलले तरी माणूस लपत नाही. लटान्या स्वीनी यांनी 2000 साली दाखवले, की झिपकोड (तिकडचा पिनकोड), जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून अमेरिकेतली सुमारे 87 टक्के माणसे एकेकटी ओळखता येऊ शकतात. आपल्याकडे एवढेही लागत नाही. सातबारा महाभूलेखवर सर्वांना पाहता येतो. गाव निवडून गट नंबर टाकला की खातेदाराचे नाव समोर येते. वडिवळ्यासारख्या गावात तर तो टाकायचीही गरज नाही, गट नंबर उच्चारला की शेजारी नाव सांगतो. आणि आमच्या डेटाबेसमध्ये गट नंबराच्या त्याच ओळीत थकबाकी असते. कुणाची किती थकबाकी आहे हे चाचणीच्या मशीनवरून गावात पोचावे, ही कल्पनाच मला सहन होत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये आला. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास त्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मला मात्र दंडापेक्षा त्या शेतकऱ्याची अब्रू मोठी वाटते.

म्हणून आम्ही गावाचे नाव आणि गट नंबर दोन्ही बदलतो, क्षेत्र काही गुंठ्यांनी हलवतो. आकडेवारीतून होणारी गळतीही बघावी लागते. पोस्टग्रेसच्या अठराव्या आवृत्तीपासून डेटा न नेता टेबलांची आकडेवारी नेता येते, क्वेरीचा प्लॅन तपासायला ती फार उपयोगी. पण त्या आकडेवारीत सर्वाधिक आढळणारी मूल्ये जशीच्या तशी असतात, म्हणजे खरी आडनावेही. म्हणून ती आकडेवारी मी मास्किंग झालेल्या कॉपीवरच नव्याने काढतो.

एक पेच शेवटपर्यंत उरतो. वारसांची नावे लागत लागत एखाद्या गटावर इतके खातेदार होतात, की तेवढी माणसे गावातल्या दुसऱ्या कुठल्याच गटावर नसतात. ढिसाळ क्वेरी नेमकी अशाच गटावर रेंगाळते, म्हणून तो हवाच. आणि नुसती खातेदारांची संख्या सांगितली तरी गावकरी तो ओळखतात, म्हणून तो नकोच. असा गट मी खऱ्या नोंदींतून वगळतो आणि त्याच्याएवढ्याच खातेदारांचा नवा गट नकाशावर नसलेल्या गावात रचतो. ऱ मात्र दोन्ही प्रकारचे ठेवतो.