“ओळखीत एखादा पोट्टा आहे का?”

आपल्या भागात मायक्रोफायनान्सच्या ऑफिसात जागा निघाली की जाहिरात येत नाही, फोन येतो. “भौ, ओळखीत एखादा पोट्टा आहे का? बारावी पास पायजे, गाडी पायजे, लायसन पायजे.”

मारेगाव, वणी, पांढरकवडा, कुठंही पाहा. वेगवेगळ्या कंपन्यांची पोरं एकाच टपरीवर चहा पितात, एकाच मेसमध्ये जेवतात. कुठं माणूस कमी आहे, कोण दोन हजार जास्त देतो, हे तिथंच कळतं. दिवाळीला एका कंपनीचं ओळखपत्र गळ्यात असलेला पोरगा होळीला दुसऱ्या कंपनीच्या शर्टात दिसतो.

यात सगळंच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. कोरडवाहू दोन-तीन एकराच्या घरातल्या पोराला पहिला पगार अनेकदा या ओळखीनंच मिळतो. पण याची किंमत कोण देतं, तेही पाहू.

नव्या कंपनीला तयार फिल्ड ऑफिसर का पायजे असतो? त्याच्या डोक्यात गावं असतात म्हणून. कोणत्या ताईकडे सेंटर भरतं, कोण हप्ता चुकवत नाही, सगळं त्याला पाठ असतं. मग तोच ‘सर’ त्याच ओट्यावर नवा फॉर्म घेऊन बसतो. “ताई, जुनं चालू राहू द्या, आमचंबी घ्या.” ताई कंपनीला ओळखत नाही, सरला ओळखते. एक हप्ता सोमवारी, दुसरा गुरुवारी. कापूस मात्र वर्षातून एकदाच घरात येतो. अन् एकीचा हप्ता थकला की बाकीच्या बायांना बसवून ठेवतात.

हे कुठवर जातं ते आपल्या शेजारानं पाहिलं आहे. आदिलाबाद तेव्हा आंध्र प्रदेशात होतं. एकेका बाईवर अनेक कर्जं, वसुलीचा जाच आणि आत्महत्या, यामुळे ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या सरकारला अध्यादेश काढावा लागला. त्यानंतर राज्यभर वसुली ठप्प झाली.

त्यातूनच नियम आले. मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या संघटनांनी आचारसंहितेत लिहिलं की दुसऱ्या कंपनीतून माणूस घेताना जुन्या मालकाकडे चौकशी करावी, आणि ब्रँच मॅनेजर व त्याखालच्या माणसाला एक वर्ष त्याच्या जुन्या भागात नेमू नये. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये निर्देश दिले की घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नयेत, वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करू नये. कर्मचाऱ्यांची भरती, प्रशिक्षण आणि वागणूक यांचं धोरण संचालक मंडळानं मंजूर केलेलं असावं, हेही त्यात होतं. म्हणजे भरती हा टपरीवरचा खासगी मामला नाही.

पोरांचंही नुकसान आहेच. तोंडी बोलणीवर लागलेल्याला नेमणूकपत्र उशिरा मिळतं. सोडताना रिलिव्हिंग लेटर अडतं, कुठं मूळ मार्कशीट अडकते, शेवटचा पगार लटकतो. अन् ज्याची ओळखच नाही, तो कोलाम पोडावरचा शिकलेला पोरगा किंवा गावातली पदवीधर पोरगी, त्यांच्यापर्यंत हा फोन कधी पोचतच नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. कंपन्यांनी जागा निघाली की कॉलेज, आयटीआय आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर कागद लावावा, महास्वयंम पोर्टलवर टाकावी. ओळखीनं आलेल्यालाही त्याच रांगेत बसवावं. पोरांनी नेमणूकपत्र हातात आल्याशिवाय गाडीला किक मारू नये, मूळ कागद कुणाकडे ठेवू नयेत, झेरॉक्स द्यावी. आणि तायांनो, सरनं कंपनी बदलली म्हणून तुम्ही दुसरं कर्ज घेऊ नका. ओळख त्याची आहे, सही तुमची आहे.

तुमच्या गावात यापेक्षा चांगल्या पद्धतीनं भरती होत असेल तर जरूर लिहा. तेही लोकांना कळलं पाहिजे.