मागच्या हंगामाची चिठ्ठी

दसरा झाला. बीडमधल्या वडवणी-धारूरकडच्या ऊसतोड टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतील, आणि सामानात पिठाच्या डब्याशेजारी कंबरदुखीच्या गोळ्यांची पाकिटंही जातील. नवरा-बायको मिळून एक कोयता, अंगावर आगाऊ उचल, दिवस बुडाला की खाड्याचा दंड. अशा माणसाला 'आठवडाभर पडून राहा' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण त्या एका गोळीत बहुधा तीन औषधं असतात: ॲसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि स्नायू सैल करणारं थायोकोल्चिकोसाइड किंवा क्लोरझोक्साझोन. कणकण आली म्हणून वर पॅरासिटामॉल घेतली, की मात्रा नकळत वाढते. उन्हात, घोटभर पाण्यावर रोज वेदनाशामक घेणं मूत्रपिंडाला भोवू शकतं. काही गोळ्यांत स्नायू सैल करायला टिझानिडीन असतं; ते गुंगी आणतं, रक्तदाब उतरवतं. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाबरोबर ते चालतच नाही. दारूवर तर नकोच. मग रात्री उसाचा ट्रॅक्टर हाकणाऱ्यानं काय करायचं?

मला जास्त घोर बायकांचा. थायोकोल्चिकोसाइडच्या गोळ्यांवर युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये सात दिवसांची मर्यादा सुचवली, गरोदरपणात त्या वर्ज्य ठरवल्या. फडात पोटुशी बाई मोळी उचलते, हे आपल्याकडे नवल नाही. गोळी देताना तिला पाळी चुकली का, हे विचारतं कोण? औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवरचंच, चिठ्ठी मात्र मागच्या हंगामाची, तीही कधी जावेची.

कंबरदुखीत पायातलं बळ गेलं, लघवी अडली किंवा ताबा सुटला, तर मात्र गोळी शोधत बसू नये. तिथून थेट दवाखाना, खाडा पडला तरी.