डोळ्यातलं सगळ्यात जुनं

वैनगंगेतला मासा पवनीच्या चुलीवर शिजला की डोक्याच्या रश्श्यात एक पांढरा, टणक मणी सापडतो. ते माशाच्या डोळ्यातलं भिंग. नदीतून निघालं तेव्हा आरपार होतं. आंचेनं त्यातली प्रथिनं उलगडली, एकमेकांत गुंतली आणि उजेड अडवू लागली. मोतीबिंदूचा याहून स्वस्त धडा मला ठाऊक नाही.

माणसाच्या डोळ्यात आंच नसते, वर्षं असतात. भिंगाचा सुमारे तिसरा हिस्सा प्रथिनांचा, बहुतेक क्रिस्टॅलिन. कातडी बदलते, केस नवे येतात. पण भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं आपल्या जन्माआधीचीच. उजेडाला आडकाठी नको म्हणून तिथल्या पेशी आपलं केंद्रकसुद्धा टाकून देतात. मग डागडुजी करणार कोण? नवे थर तेवढे बाहेरून चढत राहतात. पवनीच्याच जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या उत्खननात निघालेला स्तूपही असाच, जुन्यावर नवं बांधकाम चढवून वाढवलेला.

पण आतलं जुनं स्वस्थ नसतं. ॲस्परॅजिनचा अमाइड गट गळतो, सिस्टीनमधली गंधकं ऑक्सिडेशननं एकमेकांना बांधली जातात, मधुमेह असेल तर साखर येऊन चिकटते. अल्फा-क्रिस्टॅलिन बिघडलेल्या सोबत्यांना सावरून धरतं खरं, पण गाभ्यात त्याचाही नवा पुरवठा नाही. साठा संपला की गुठळ्या.

मधेच एक गंमत होते. कांड्या भरणारी एखादी कोष्टी आजी अचानक चष्म्याविना सुईत दोरा ओवू लागते, आणि मोहल्लाभर कौतुक. खरं तर गाभा घट्ट झाल्यानं भिंगाची शक्ती वाढलेली असते. जवळचं दिसतं, दूरचं जातं. "पिकू द्या मोतिया" म्हणत थांबणं तर निव्वळ नुकसानीचं. फार पिकलेला गाभा कडक होतो आणि काढणाऱ्यालाच घाम फोडतो.

१९४९मध्ये लंडनच्या हॅरल्ड रिडलीनं डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या छताचे ॲक्रिलिकचे तुकडे तिथे निमूट राहतात, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. आता काम काही मिनिटांचं. पिवळटलेलं भिंग गेलं की लुगड्याच्या काठातला निळा रंग ठसठशीत दिसतो. त्याच्याही आधी दिसतात ती आढ्याची जळमटं, आणि ती सुनेला ऐकवली जातात.