फुटव्यांचा हिशेब

संपादकांचा निरोप होता, "संगणकात रोप कसं वाढवतात ते लिहा, पण गणित नको." गणित वगळलं तर या विषयात फारसं काही उरत नाही. तरी जमेल तेवढं हात आखडून लिहितो.

खालापूर तालुक्यातल्या एका गावात आम्ही पडद्यावर भाताचा चूड वाढताना दाखवला होता. एकेक पान फुटतं, पानाच्या बगलेतून फुटवा निघतो, आधी तिरका जातो आणि मग सरळ होतो. मंडळी कौतुकाने बघत होती. तेवढ्यात मागून एका आजींनी विचारलं, "लावून दीड महिना झाला म्हणता, मग खालची पात पिवळी कशी नाय पडली?" मी सांगितलं, या प्रोग्राममध्ये पान जन्माला येतं, त्याचं मरण अजून घातलेलं नाही. उत्तर खरंच होतं. पण तो प्रश्न अजून माझी पाठ सोडत नाही, कारण आमच्या क्षेत्राची दुखरी नस नेमकी तीच आहे.

या क्षेत्रात दोन घराणी आहेत. पहिलं पिकाचं. मोन्सी आणि साएकी या जपानी शास्त्रज्ञांनी 1953 साली पानांच्या थरांतून खाली उतरणारा प्रकाश कोणत्या हिशेबाने कमी होत जातो ते मांडलं. पुढे नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनला त्यावर पिकांची प्रारूपं उभी राहिली. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचं 'ओरायझा' याच परंपरेतलं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं 'इन्फोक्रॉप'ही याच वाटेचं. ऊन, तापमान, पाणी, नत्र यांचे आकडे भरा, पिकाचं वजन रोज किती वाढलं ते मिळतं. इथे पानं मरतातही. सावलीत गेलेल्या जुन्या पानातलं नत्र वरच्या पानांकडे जातं आणि ते पिवळं पडतं, याचा हिशेब असतो. नसतं ते रोप. चौरस मीटरमागे पानांचं क्षेत्रफळ किती, एवढंच या घराण्याला दिसतं.

दुसरं घराणं आकाराचं. आरिस्टिड लिंडेनमायर या हंगेरीत जन्मलेल्या जीवशास्त्रज्ञाने 1968 साली धाग्यासारख्या सूक्ष्म जीवांच्या वाढीसाठी एक लेखनपद्धत मांडली. तिचा साधा नमुना असा: दर पायरीला प्रत्येक 'क'च्या जागी 'कख' लिहायचं आणि प्रत्येक 'ख'च्या जागी 'क'. 'क'पासून सुरुवात केली की कख, कखक, कखककख अशी ओळ वाढत जाते. अक्षरं मोजा: 1, 2, 3, 5, पुढे 8. अक्षरांऐवजी कांडं, पान, डोळा घ्या, फांदी कुठे सुरू होते आणि कुठे संपते याच्या खुणा घाला, की त्याच लेखनातून झाड उभं राहतं. झाडाचं चित्र कुणी काढलेलं नसतं, फक्त नियम दिलेला असतो. इतक्या वर्षांनीही मला हे पाहताना आनंद होतो.

भात तर या पद्धतीसाठीच जन्मल्यासारखा आहे. काटायामा या शास्त्रज्ञाने 1951 साली मांडलेला नियम असा, की मुख्य ताटाला पाचवं पान येतं त्याच सुमारास दुसऱ्या पानाच्या बगलेतून फुटवा डोकावतो. सहाव्याबरोबर तिसऱ्याच्या बगलेतून. आणि फुटव्याचे फुटवेही हाच क्रम पाळतात. डोळ्याची पाळी चुकली तर तो सहसा मागाहून फुटत नाही. कर्जत-खालापूरच्या खाचरांना हे लावून बघा. राबावर दाट पेरलेल्या रोपांना एकमेकांची सावली होते, खालचे डोळे झोपूनच राहतात. मग आपण रोपं उपटतो, मुळं तुटतात, लावणीनंतर काही दिवस वाढ थबकते. तोवर सुरुवातीच्या फुटव्यांची पाळी निघून गेलेली असते.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात हे सगळं टळतं. चिखलणी नाही, लावणी नाही. गादीवाफ्यावर लोखंडी साच्याने 25 सेंटिमीटरवर भोकं पाडून बी टोकायचं. चारसूत्री पद्धतीत लावणी आहे, पण एकाआड एक 15 आणि 25 सेंटिमीटर अंतरावर, आणि 15च्या चौकोनातल्या चार चुडांमध्ये एक खताची गोळी. म्हणजे प्रत्येक चुडाला एका अंगाने शेजार जवळचा, दुसऱ्या अंगाने मोकळीक. पिकाच्या घराण्याला हा फरक दिसतच नाही. सरासरीत तो विरघळून जातो. आपल्या शेतकऱ्यांनी भूमितीचे इतके प्रयोग केले आणि आमची प्रारूपं ती भूमितीच पुसून टाकतात, याची मला मनापासून खंत वाटते.

इथे एका वादाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मादागास्करमध्ये 1980च्या दशकात लोलानिए या धर्मगुरूंनी कोवळी रोपं एकेकटी, लांब लांब लावायची पद्धत बसवली. आपल्याकडे ती श्री पद्धत म्हणून आली. एका चुडाला इतके फुटवे का येतात, याचं स्पष्टीकरण त्यांनी काटायामांच्याच नियमातून दिलं. पुढे हेक्टरी 15-20 टनांचे दावे झाले. 2004 साली शीही या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमध्ये तीन ठिकाणी प्रयोग केले, प्रकाशाचा हिशेब मांडला आणि हे आकडे अशक्य ठरवले. माझ्या मते प्रकाशाचा हिशेब बिनतोड आहे. जितकं ऊन पडतं त्याहून जास्त भात कुणालाही पिकवता येणार नाही. पण छताची उंची मोजून घरात किती जागा रिकामी आहे ते कळत नाही. कमी बियाण्यात, कमी पाण्यात नेहमीइतकं किंवा थोडं अधिक पिकलं, हा शेतकऱ्याचा अनुभव त्या हिशेबाने खोटा ठरत नाही. तज्ज्ञांनी तोही झटकून टाकला, हे चुकलं.

आणि 'फुटवे जास्त म्हणजे भात जास्त' हेही खरं नाही. फिलिपिन्समधल्या त्याच भात संशोधन संस्थेने 1989पासून उलट टोक गाठलं: थोडे फुटवे, पण प्रत्येकाला मोठी लोंबी. असं रोप कागदावर आखलं आणि पैदास करून उभंही केलं. पहिल्या पिढीतल्या वाणांचे दाणे नीट भरले नाहीत, एकूण वाढही कमी पडली. कर्जत-खालापुरात तर तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, जुलै-ऑगस्टचं आभाळ झाकलेलं. अशा उजेडात उशिरा आलेला फुटवा खातो सगळ्यांबरोबर आणि निसवायच्या आधीच मरतो. तेव्हा फुटवे किती, यापेक्षा कोणत्या पानाच्या बगलेतले आणि कधीचे, हे विचारायला हवं. आजींनी विचारलेली पिवळी पात इथेच येते. कोणतं पान सावलीत जाऊन कधी मरतं हे आकाराच्या प्रारूपात आलं, तरच कोणता फुटवा उपाशी राहील ते सांगता येईल.

लोक मात्र भेटले की विचारतात, "यंदा किती क्विंटल?" संगणक म्हटला की भविष्यच सांगणार, ही समजूत काही जात नाही. हल्ली त्यात भर पडली आहे: फोटो काढा, एआय सांगेल. फोटोवरून शिकलेला प्रोग्राम रोग चटकन ओळखतो आणि ते उपयोगाचंही आहे. पण अंतर 25चं 20 केलं, लावणी दहा दिवस लांबली, तर चूड कसा बदलेल, हे विचारायला वाढीचा नियम हाताशी लागतो. आमचं प्रारूप त्या प्रश्नासाठी आहे.

आणि नियम मिळतो खाचरात. कर्जतचं भात संशोधन केंद्र 1919पासूनचं. इथलं कर्जत-3 हे हळवं वाण कितीतरी शेतकरी लावतात. त्याचं एक पान फुटायला ढगाळ जुलैत किती उष्णता लागते, टोकलेल्या आणि लावलेल्या चुडात त्यात किती फरक पडतो, हे परदेशी वाणांच्या आकड्यांवरून धरून चालत नाही. चुडातल्या मुख्य ताटाच्या पानांवर रंगाचे ठिपके द्यायचे, नवं पान कधी आलं, फुटवा कोणत्या बगलेतून निघाला, जुनं पान कधी पिवळं पडलं, याची नोंद पोटरीपर्यंत ठेवायची. पावसात वाकून करायचं हे काम आहे. त्याला ना निधी मिळतो, ना शोधनिबंधात मान. पडद्यावरच्या हिरव्या चुडाला मात्र सगळे टाळ्या देतात. आसपासच्या कृषी महाविद्यालयांच्या मुलामुलींनी एका हंगामात प्रत्येकी दहा चूड जरी असे मोजले, तरी 15-25च्या मांडणीत मोकळ्या अंगाचे फुटवे खरोखर जास्त निसवतात का, या प्रश्नाचं उत्तर आमच्या हाती येईल.