आजीच्या ओव्या आणि ३२ जीबी रॅम

सात महिने! एक कॉम्प्युटर निवडायला मला सात महिने लागले. तेवढ्यात ऑफिसवाल्या मैत्रिणींनी दोन-दोन फोन बदलले.

त्याचं काय झालं, सोनईला आमची आजी असते. वय ८२. तिला जात्यावरच्या ओव्या येतात. गावात गिरणी आली, जातं मागच्या दारी पडलं, ओव्या मात्र राहिल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायकांच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, हे वाचलं आणि वाटलं, निदान आपल्या घरातल्या तरी आपण रेकॉर्ड करूया. एप्रिलमध्ये आजी गायला बसलीही होती. मीच म्हटलं, ''थांब गं आजी, आधी नीट मशीन घेऊ दे.'' मोबाइलवर? छे! मास कॉम केलेली मुलगी मी.

मग काय, आय-सेव्हन की आय-नाइन, १६ जीबी की ३२... एक्सेल शीटच केली. शेवटी एका दुकानदाराने ''मॅडम, म्युझिक म्हणजे गेमिंग लॅपटॉपच'' असं सांगून माझी सेव्हिंग्ज संपवली.

नोव्हेंबरात सगळा जामानिमा घेऊन गावी गेले. मुळा कारखान्याचा सीझन, रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, त्यावर फुल्ल व्हॉल्यूममध्ये गाणी. दारं-खिडक्या लावून घेतल्या. (शेजारच्या शिंगणापुरात हे जमलं नसतं, तिथे घरांना दारं न लावण्याची प्रथा आहे!) हेडफोन लावला आणि ऐकू आलं, घूंऽऽऽ. लॅपटॉपचा पंखा. कंडेन्सर माइक तो कसला सोडतोय? चार्जर लावला की वेगळीच गुणगुण, कारण घराला धड अर्थिंग नाही. चार्जर काढला की बॅटरी दीड तासात गपगार.

आजी म्हणाली, ''आगं बाय, माझ्या जात्यापरीस तुझंच जातं मोठ्यानं घरघरतंय की!''

रात्री पहिल्यांदा साधा हिशेब केला. एका माणसाचा आवाज, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, मोनो : मिनिटाला नऊ एमबीसुद्धा नाही. दहा वर्षं जुना लॅपटॉपही हे आरामात करतो. प्रोसेसर आणि रॅम लागते ती पन्नास ट्रॅक एकावर एक चढवताना, सॉफ्टवेअरमधली वाद्यं वाजवताना. ग्राफिक्स कार्ड तर रेकॉर्डिंगला जवळपास शून्य कामाचं. आणि मी त्याच्यासाठीच सगळ्यात जास्त पैसे मोजले होते! मला हवं होतं शांत मशीन आणि टिकणारी बॅटरी. २०२० सालच्या एम-वन मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, सेकंडहँडही मिळाला असता.

इलाज सातशे रुपयांत झाला. दहा मीटरची एक्सएलआर केबल नगरहून आणली, लॅपटॉप स्वयंपाकघरात कोंडला, माइक आजीपाशी.

पण आजीला आता दम लागतो. दोन ओळी झाल्या की थांबते. २३ ओव्या मिळाल्या. भावाच्या ओव्यांची पहिली ओळ म्हणते आणि हात हलवून ''जाऊ दे'' म्हणते.

त्यांतली एक पूर्ण ओवी आमच्याकडे आहे. आत्येभावाने एप्रिलमध्ये, मी नको म्हणत असताना, मोबाइलवर घेतलेली. ४० सेकंदांची. मागे कुणीतरी भांडी घासतंय आणि मध्येच तो स्वतः शिंकतो. ती फाइल मी तीन ठिकाणी कॉपी करून ठेवली आहे.