रिकामा डबा

पाइपच्या तंबाखूचे रिकामे डबे घरात कशाकशासाठी वापरावेत, याविषयी पाश्चात्त्य देशांतील हौशी मंडळी मोठ्या आस्थेने लिहीत असतात. खिळे, बटणे, बिया, टपाल-तिकिटे असे काहीही त्या देखण्या डब्यांत सुखाने नांदते. तुळजापुरात पाइप ओढणारा गृहस्थ मात्र आमच्या पाहण्यात नाही. इथली तंबाखू पुडीतून येते आणि चंचीत, नाहीतर दोन तोंडांच्या डबीत राहते. एका बाजूस तंबाखू, दुसऱ्या बाजूस चुना. तरीही विषय आम्हांस परका वाटला नाही, कारण रिकामा डबा फेकायचा नसतो, ही शिकवण आमच्या पिढीला बाराखडीच्या आधी मिळालेली आहे.

आम्ही दोघे नवराबायको, दोघेही मराठीचेच अध्यापक. गेल्या उन्हाळ्यात घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा माळ्यावरून लहानमोठे एकतीस डबे निघाले. डालड्याचे पिवळे डबे, बिस्किटांचे चौकोनी डबे, तपकिरीच्या डब्या आणि त्यांत एक गोल डबा, ‘प्लेअर्स नेव्ही कट’ या सिगारेटींचा. पन्नास सिगारेटी मावणारा. त्यावर दाढीवाल्या खलाशाचे चित्र, अर्धेअधिक पुसलेले.

बालाघाटाच्या डोंगरात हा खलाशी आला कसा? तुळजापूर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते. आजोबा त्या काळी कचेरीत कारकून. सिगारेटी साहेबाने ओढल्या, रिकामा डबा कारकुनाला मिळाला. आजीने तो राखेने घासून त्यात कवड्या ठेवल्या. भवानीच्या भक्ताच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. दोरा तुटला की कवड्या ओघळतात आणि पुन्हा ओवीपर्यंत त्या कुठेतरी जपाव्या लागतात. कवडी ही समुद्रातली वस्तू, खलाशीही समुद्रातला. आजीने समुद्र कधी पाहिला नाही.

या डब्यांच्या दुसऱ्या आयुष्याची यादी करू लागलो तर ती घराचीच बखर होते. चार गॅलनच्या रॉकेलच्या डब्याचे वरचे तोंड कापून, आत आडवी लाकडी दांडी ठोकली की पाण्याची घागर झाली. 1972 च्या दुष्काळात आमच्या घरचे पाणी अशाच डब्यांनी वाहिले गेले. लहान डबीच्या झाकणाला भोक पाडून वात ओवली की चिमणी झाली, आणि तिच्या उजेडात वडिलांचे मॅट्रिक झाले. डालड्याच्या डब्याला बुडाशी छिद्रे पाडली की तुळस लावता येई. 1956 च्या कायद्यानंतर बाजारात शेर-पायली जाऊन किलो आले, पण आजीच्या स्वयंपाकघरात तांदळाचे माप अखेरपर्यंत एक ठरावीक डबाच राहिला. गळका डबा डाख लावून घ्यायचा आणि डाखही धरेनासा झाला की तो पोरांकडे येई, ‘डबा ऐसपैस’ खेळण्यासाठी. या खेळाचे नाव इंग्रजी ‘आय स्पाय’वरून आले असे सांगतात. डब्यासारखाच शब्दही दुसऱ्याकडून आला आणि आपल्याकडे नव्या कामाला लागला.

इथवर लिहिले की लेख गोड होतो. आजकाल असे लेख पुष्कळ येतात; जुनी माणसे किती पर्यावरणस्नेही होती, हे त्यांचे पालुपद. आमच्या आजीला हा शब्द ऐकवला असता तर तिने तो कोणत्या भाजीत घालतात असे विचारले असते. तिने डबे जपले ते पृथ्वीच्या काळजीने नव्हे, तर दुसरा डबा मिळण्याची खात्री नव्हती म्हणून. अभावाला सद्गुणाचे नाव देणे हे भरल्या पोटाचे काम आहे.

शिवाय एकतीस डब्यांत एक डबा असा होता, ज्याविषयी वाटणीच्या वेळी कोणीच बोलले नाही. लहानसाच, चित्र नसलेला, तारेची कडी लावलेला. तो घरात कधी नसे; बाहेर, ओसरीच्या खांबाला खिळ्यावर असे. झाडलोट करणारी बाई किंवा शेतावरून आलेला गडी पाणी मागे, तेव्हा वरून धार धरून त्या डब्यात पाणी ओतले जाई. पिणाऱ्याने तो स्वतः विसळून पुन्हा खिळ्याला अडकवायचा. आमच्या लहानपणापर्यंत, म्हणजे संविधान लागू झाल्यावर चाळीस वर्षांनी, तो तिथे होता.

तेव्हा डब्याच्या पुनर्वापराला एक दिशा असते, हे ध्यानात येते. साहेबाकडून कारकुनाकडे, कारकुनाकडून स्वयंपाकघरात, तिथून ओसरीबाहेर. डबा वरून खाली येतो. खालून वर जात नाही. प्रत्येक पायरीवर देणाऱ्याला आपण काहीतरी दिले असे वाटते.

वर्गात आम्ही ‘बलुतं’ शिकवतो, ‘उपरा’ शिकवतो, ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ शिकवतो. ‘आयदान’ हे शीर्षकच वस्तूचे आहे: बांबूच्या विणकामाच्या वस्तू, ज्या लेखिकेची आई विणीत असे. तिथे वस्तू करणाऱ्याच्या हाताने बोलते. आमच्याकडे मात्र वस्तू वापरणाऱ्याच्या तोंडाने बोलतात आणि म्हणूनच बहुधा त्या गोड बोलतात. मराठी ललित लेखनात पितळी डबे, फडताळे, आजीची चंची यांना उदंड जागा मिळाली. ओसरीवरचा डबा ललित लेखकांच्या घरांत नव्हता, असे मानायला आमचे मन तयार नाही. तो असलेल्या घरांनी त्याच्यावर लिहिले नाही, इतकेच.

तो डबा ‘आयदान’च्या तासाला वर्गात दाखवावा असे आमच्या मनात आले. आधी विद्यार्थ्यांना विचारले. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, “मॅडम, आम्हाला कशाला दाखवता? त्या डब्याची गोष्ट आमच्या घरी सांगतात. तुमच्या घरी सांगतात का?”

प्रश्न शांतपणे विचारलेला होता. त्यात राग नव्हता, त्यामुळे तो टाळताही येईना. डबा वर्गात नेला नाही.

दिवाळीत सारी भावंडे जमली. खलाशाचा डबा पुण्याच्या दिवाणखान्यात कपाटात मांडलेला आहे, हे कौतुकाने सांगून झाले. तेव्हा आम्ही दुसरा डबा काढून मध्ये ठेवला आणि तो कशासाठी होता ते मुलांना सांगितले. वडीलधाऱ्यांपैकी एक काका उठून गेले. एक आत्या म्हणाली, “तेव्हा सगळीकडंच असं होतं.” आमच्या नववीतल्या मुलाने विचारले, “मग ती बाई घरी जाऊन काय सांगत असेल?” आत्याने उत्तर दिले नाही.

डबे आता वाटले गेले आहेत. काही भंगारात गेले, दोघांत तुळशी लागल्या. ओसरीवरचा डबा आमच्याकडे आहे, रिकामा. त्यात काही ठेवायचे नाही, एवढे मात्र आम्ही ठरवले आहे.